वाघमारे मॅडमनी लिहिलेलं

जखमी बाईसोबत सासरचं कुणी आलं, की डॉ. वाघमारे मॅडम त्याच्या हातात केसपेपर द्यायच्या आणि म्हणायच्या, "खिडकीवरून शिक्का मारून आणा." त्या शिक्क्याची कुणालाच गरज नसे. खिडकी इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला होती आणि तिथला क्लार्क मॅडमना सामील. तो मुद्दाम शाई शोधत बसायचा. तेवढ्यात मॅडम स्टूल ओढून बाईजवळ बसायच्या. "हं, आता सांग. काय झालं?"

कंधारकडच्या त्या ग्रामीण रुग्णालयात मी नवी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. गुडघे गेलेले, डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. ओपीडी संपली की खुर्चीत डोकं मागे टेकून म्हणायच्या, "लई थकले ग बाई." पण जखम लिहिताना कधी कंटाळल्या नाहीत. खिशातली पट्टी काढून वळ मोजायच्या. कुठल्या दंडावर, केवढा, लाल की हिरवट, सगळं लिहायच्या. मी 'अंगाला मुका मार' एवढं लिहून मोकळी व्हायचे, की लगेच टोकायच्या, "अंग केवढं हाय! कुठं, ते लिही की."

एकदा शोभा नावाची तरुण बाई आली. मनगट मोडलेलं. न्हाणीत पाय घसरला, असं सासूनेच सांगून टाकलं. सासू शिक्क्याला गेली आणि मॅडमनी बाह्या वर केल्या. दोन्ही दंडांवर बोटांचे वळ होते, काही ताजे, काही पिवळे पडलेले.

"मॅडम, पडले म्हणूनच लिवा," शोभा म्हणाली. "मला तिथंच नांदायचं हाय."

मॅडमनी वाद घातला नाही. न्हाणीत पडले, असं रुग्ण सांगते, एवढं लिहिलं. खाली एकेक वळ मोजून उतरवला आणि शेवटी, हे वळ पडल्याने होणारे नाहीत, हेही लिहिलं. चौकीला कळवलं. पोलीस आला, शोभाने तक्रार नाही म्हणून सही केली आणि प्लास्टर घालून सासूच्या मागे निघून गेली. मी संतापले. "मग लिहून उपयोग काय, मॅडम?"

"आज तिला नको हाय. लागंल तवा सापडलं पाहिजे," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

काही वर्षांनी शोभाने घर सोडलं आणि नवऱ्यावर केस केली. आपण कधी हातच उचलला नाही, असं तो म्हणाला. निवृत्त मॅडमना साक्षीला बोलावणं आलं. लातूरहून एसटीने नांदेडला आल्या, कोर्टाचा जिना चढताना मध्येच टेकल्या. मी सोबत होते.

नवऱ्याच्या वकिलाने विचारलं, "हजारो पेशंट तपासलेत तुम्ही. ही बाई आठवते?"

"न्हाई आठवत," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर लिहून ठेवलं."

मग ते लिहिलेलं वाचलं गेलं, एकेका वळासकट. नवरा खाली बघत उभा होता.

बाहेर शोभा पाया पडली. "मॅडम, खरंच न्हाई वळखलं मला?"

मॅडमनी तिचा चेहरा निरखला. आता तरी त्यांनी हो म्हणावं, असं मला फार वाटलं.

"न्हाई ग," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारख्या लई आल्या."

आणि तिच्याच हाताला धरून हळूहळू जिना उतरू लागल्या.