रत्नाने खाल्लेला भावाचा वाटा

रत्ना आणि अमृत जुळे. रत्ना आधी आली ती गाव डोक्यावर घेत. अमृत मागून आला तो हूं की चूं न करता. सुईण भागाबाईने तिथंच निकाल दिला, "पोरीने पोटातच भावाचा वाटा खाल्ला!" गावाला काय, आयतंच चघळायला मिळालं. रत्नाने मात्र ते मनाला लावून घेतलं. लग्न होऊन धुळ्याला गेली, तरी चोपड्याजवळच्या भावाच्या केळीची कापणी आली की एसटी पकडून ती हजर. व्यापाऱ्याशी भांडायचं काम तिचंच. खाल्लेला वाटा भरून द्यायला नको?

यंदा पंचाईत झाली. धुळ्याच्या बायकांनी भाजीपाल्याची कंपनी काढली आणि तिलाच अध्यक्ष हो म्हणून गळ घातली. मग कापणीला येणं जमणार नव्हतं. जीव तर कंपनीकडे ओढत होता, पण अमृतचं कोण बघणार? ती नाहीच म्हणायच्या बेतात होती.

कापणीआधी ती भावाकडे आली, तेव्हा शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरिताची वांगी भाजत होती. अमृतची मुलगी मोनाली अमळनेरला कॉलेजात मानसशास्त्र शिकते. तिने पट्टी काढली.

"आत्या, पोटात असताना पुरुषी हार्मोन जास्त मिळालं, तर करंगळीशेजारचं बोट अंगठ्याशेजारच्यापेक्षा लांब होतं म्हणतात. भावासोबत वाढलेली जुळी बहीण धीट निघते, असंही काहींना वाटतं. दाखव हात."

रत्नाने वांगी सोलून काळा झालेला हात पुढे केला. 

मोनालीने दोघांची बोटं मोजली. फरक काही सापडेना. "आणि हे पुष्कळ माणसांच्या सरासरीत जेमतेम दिसतं, तेही सगळ्यांना पटत नाही. एकट्याचा स्वभाव बोटावरून कळत नाही गं."

"मग हा असा मुका कसा?" रत्ना कडाडली.

अमृतने वांग्याचं देठ बाजूला ठेवलं. "अक्का, मन्हं तू काईच खाधं नही. काल व्यापारी उना व्हता. त्यानी भाव सांगा. मी काईच बोलनू नही. त्यानी वाढावा. मी गुपचूप बसनू. तो वाढावतच गया."

"कितला?"

"तू गया साल भांडीसन लिधा, त्यानापेक्षा जास्त."

"मग इतला वरीस काबर सांगं नही?"

"तुले भांडानी हौस शे ना, अक्का."

 रत्नाचे डोळे भरून आले, तशी तिने धुराला चार शिव्या हासडल्या आणि धुळ्याला फोन लावला, "अध्यक्ष म्हणून माझंच नाव लिहा!"