पोट माझं, उत्तरं तिची

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ज्या वर्षांत माझं आम्लपित्त काही केल्या बरं होत नव्हतं, त्या वर्षांत मी रोज सकाळी कारखान्याच्या गेटासमोरच्या ठेल्यावर उभा राहून कचोरी खात होतो. वर शेव, हिरवी चटणी, शिवाय तळलेली मिरची. घरून निघताना भिजवलेल्या काळ्या मनुका खाल्लेल्या असायच्या आणि डब्यात दुधीची भाजी. डबाही मी संपवायचो. तो रिकामा घरी यायचा, म्हणून बायकोला कधी शंका आली नाही.

एवढीशी तर गोष्ट, असं मलाही वाटायचं.

आनंदनगरातल्या आमच्या घरून शहरातच शाहपुऱ्याच्या वैद्यांकडे तीच मला घेऊन गेली होती. छातीत जळजळ, घशाशी आंबट, खाली वाकलं की तोंडात कडू पाणी यायचं. वैद्य वऱ्हाडातून येऊन इथे, हिंदी मुलखात, स्थायिक झालेले, भला माणूस. त्यांनी नाडी माझी पाहिली, जीभ माझी पाहिली आणि तोंड बायकोकडे वळवलं. "ताई, काय काय खायला घालता यांना?"

तिथल्या बाकावर बसलेले बहुतेक पुरुष पोटाचे रोगी होते आणि सगळ्यांची उत्तरं त्यांच्या बायका देत होत्या. तेल कुठलं, तिखट किती, दही कधीचं. पुरुष भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसलेले. आज त्या बाकाचा मला संताप येतो. मीही त्यावर तसाच बसलो होतो.

बाहेरचं काही खाणं होतं का, हेही वैद्यांनी विचारलं. विचारताना पाहत होते तिच्याकडेच.

"छे, ह्यांना बाहेरचं आवडतच नाही," ती म्हणाली.

मी मान हलवली.

मग सुरू झालं पथ्य. जेवणाआधी अविपत्तिकर चूर्ण, दुधातून शतावरी, तहान लागली की धण्या-जिऱ्याचं पाणी. जुने तांदूळ, मूग, पडवळ, साळीच्या लाह्या. आंबवलेलं बंद, उडीद बंद, लोणचं बंद. ती नागपूरची, हिरव्या मिरचीच्या ठेच्याशिवाय तिला घास उतरत नसे. पण तिने स्वतःसाठी वेगळं काही केलं नाही. माझ्यासमोर बसून झणझणीत कसं खायचं, म्हणे. तेच फिकं वरण तीही गिळत राहिली.

जळजळ काही थांबेना. वैद्यांनी औषध बदलून पाहिलं. तिने तेल बदललं, कुकर सोडून उघड्या पातेल्यात शिजवू लागली, घरी कुटलेला मसाल्याचा डबा मोलकरणीला देऊन टाकला. आणि मी तक्रार केली. हे लिहिताना माझे दात आवळले जातात. संध्याकाळी घरी येऊन मी म्हणायचो, आज भाजीत काय घातलं होतंस, दुपारपासून जळतंय नुसतं. काय जळतंय ते मला पक्कं ठाऊक असायचं.

वैद्यांनाही मी सोडलं नाही. ठेल्यावर उभा राहून सांगायचो की काढे-चूर्णं सब बेकार आहेत. सोबतचा एक इंजिनियर तोंडात घास घेऊनच म्हणाला होता, "भाईसाब, भाभीजी से कहो मिर्च कम डाला करें." सगळे हसले. मीही.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मसालेभात तिच्याच हातचा असायचा. एका वर्षी मंडळातले एक जण पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, यंदा जरा बेताने हं. साहेबांचं पोट तुम्ही बिघडवलंच आहे, आमचं तरी राहू द्या." तिथेही मी हसलो. पुढच्या वर्षी तिने भात करायला नकार दिला. घरी आल्यावर म्हणाली, "माझ्या हातालाच काहीतरी झालंय." मी म्हणालो, असू दे. जणू मी तिला माफ करत होतो. त्या दोन शब्दांसाठी मला कुणीतरी कानफटवायला हवं होतं.

पुढे रस्ता खोदला आणि ठेला उठला. हळूहळू माझी जळजळ बसली. तिला वाटलं शेवटच्या काढ्याचा गुण आला, ती वैद्यांना नारळ देऊन आली. बोलायची ती वेळही मी जाऊ दिली. ठेचा घरात परत आलाच नाही. मंडळाचा भात आता केटरर करतो.

हे सगळं असंच मुरून गेलं असतं. परवा इंदूरहून मुलीचा फोन आला. लग्नाला फार दिवस झालेले नाहीत, जावयाला ॲसिडिटीचा त्रास सुरू झालाय. मी शेजारच्या खोलीत होतो.

"आधी स्वतःच्या हाताकडे बघ गं," बायको सांगत होती. "तेल बदल. तुझ्या बाबांना किती वर्षं त्रास दिला मी."

त्रास दिला मी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधी राग आला तो तिचाच, ही इतकी कशी विश्वास ठेवते म्हणून. मग स्वतःची किळस आली. माझं खोटं माझ्यापुरतं राहिलं नव्हतं. ते आता मुलीच्या ओट्यावर जाऊन बसत होतं. जावई बाहेर काय खातो मला माहीत नाही, कदाचित काहीच खात नसेल. पण त्याला कुणी विचारलंही नाही, हे मला माहीत आहे.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, "जावयांना विचार म्हणावं, बाहेर काय काय खातात."

"अहो, काहीतरीच काय? ते कशाला खोटं बोलतील?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पाणी प्यायलो आणि बाहेर आलो.

तिच्या स्वयंपाकात कधीच दोष नव्हता, खोटं मी बोलत होतो. हे तिला, मुलीला आणि मंडळातल्या त्याच माणसांसमोर सांगणं माझ्याकडे बाकी आहे. अजून सांगितलेलं नाही.