एकोणचाळीस मिनिटं आणि गोडं पाणी

आमच्या घरात साहेबाचा टाइम चालत नसे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. मुंबईत त्या काळी दोन वेळा असायच्या. एक आपली जुनी, मुंबईची. दुसरी सरकारनं साऱ्या देशावर लादलेली 'स्टँडर्ड', ती आमच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं पुढं. आगगाड्या आणि आगबोटी स्टँडर्डवर चालत. माझे वडील गिरगावातल्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि हट्टाला पेटले की देवाचंही ऐकायचे नाहीत. "सूर्य काय साहेबाला विचारून डोक्यावर येतो?" असं म्हणून त्यांनी खिशातलं घड्याळ कायम मुंबई टाइमावर ठेवलं. गाडी पकडायची असली की मनातल्या मनात एकोणचाळीस वजा करायचे. कधी चुकले नाहीत. एकदाच चुकले, आणि तेही आईच्या वाट्याला आलेल्या एकुलत्या एका गोष्टीत.

आईचं माहेर श्रीवर्धनचं. दर मे महिन्यात आम्ही बोटीनं तिकडे जायचो. वाटेत जंजिऱ्यापाशी, खाडीच्या तोंडाशी, बोट नांगर टाकायची. तिथं धक्का नव्हता. मचवे यायचे, माणसं उतरायची, सुपारीची पोती चढायची. आणि समोर पाण्यात तो किल्ला. बेटावर किल्ला असं नाही म्हणता येत, बेट कुठं दिसतच नाही. समुद्रातून सरळ भिंतच वर आलेली. मी दर वर्षी बघायची आणि दर वर्षी माझं तोंड उघडंच राहायचं.

आईचं लक्ष मात्र भिंतीकडे नसायचं. तिच्या लहानपणी वाडीत सुपारी सोलायला एक बाई यायची. ती तिला सांगायची, "पोरी, त्या किल्ल्यान तलाव हाय. भर दर्यान गोडं पानी!" आईला ते पटलं नव्हतं. चारही बाजूंनी खारं, आणि मधोमध गोडं? "मी पिऊन बघितल्याशिवाय खरं मानायची नाही," असं ती त्या बाईला म्हणाली होती म्हणे. तेव्हा ती आठ वर्षांची होती. लग्नानंतर बारा वेळा ती त्या किल्ल्यासमोरून गेली आणि बाराही वेळा पथारीवर बसून, मांडीवर कुणाचं ना कुणाचं मूल घेऊन, नुसती बघत राहिली. मागायची सवयच नव्हती तिला. माझ्यापाशी एकदा बोलली, ते मी वडिलांपाशी बोलले. मी अकरा वर्षांची होते, माझ्या पोटात काय राहणार!

वडिलांना ते लागलं. त्या वर्षी त्यांनी महिनाभर आधी बेत आखायला कागद काढला.

आणि नेमकी त्याच वर्षी आत्या बरोबर निघाली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी विधवेचं अलवण. आमच्याच घरी असायची, आणि तिच्या जिभेला घरातली चौघं भ्यायची. चौघांतला एक अजून रांगत होता, तोसुद्धा. तिला हरिहरेश्वराला जायचं होतं. सोवळं कडक. बोटीवरचं पाणी? कोणाकोणाचा हात लागलेलं! शिव शिव. घरून नेलं तर गर्दीत त्यालाही कुणी शिवणारच. म्हणजे पहाटे घरी घोटभर प्यायची ती थेट श्रीवर्धनला उतरून, आंघोळ करून, संध्याकाळी. मे महिन्यात! वडील काळजीत पडले. मग त्यांनाच सुचलं, की किल्ल्यातल्या तळ्यावर अक्काला नेऊ. एवढ्या मोठ्या तळ्याला विटाळ नसतो. स्वतःच्या लोटीनं पाणी काढायचं, डोक्यावर घ्यायचं, मग प्यायचं. आत्यानं शेजारच्या शास्त्रीबुवांना विचारलं, त्यांनी मान हलवली, तेव्हा ती कबूल झाली.

कागद असा ठरला. बोट अकराला नांगर टाकणार, दीडला उचलणार. मधे अडीच तास. एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या ओळखीनं, किल्ला ज्यांचा त्या नवाबांकडून, आत जायची चिठ्ठीही मिळाली होती. पण तुतकावर, म्हणजे बोटीच्या उघड्या माळ्यावर, पथारी टाकून अडवलेली जागा सोडली की गेली, आणि सामानाचं काय? म्हणून दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत वडील, आत्या आणि मी. आई बाळाला घेऊन सामानापाशी. मग आत्या येऊन बाळापाशी बसणार आणि दुसऱ्या फेरीत वडील आईला नेणार. एकेक फेरी सव्वा तासाच्या आत. वडिलांनी कागद आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला. 'दुसरी फेरी' आली तेव्हा आई पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. आत्यानं ते बघितलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

बोटीत बसलो. आत्याचं तोंड रेवस बंदर यायच्या आधीच सुकलं. वारा पडलेला, खाली यंत्राची धग, वर ऊन. तिची लोटी-दोरी तिच्या मांडीवर होती. तांब्याची ती लोटी, तिला सुताची दोरी बांधलेली. त्या लोटीला आमच्या घरात कुणी हात लावायचा नाही. मी एकदा चुकून लावला होता तेव्हा तिनं ती तीनदा चिंचेनं घासली आणि मला तीन दिवस बोलली.

किल्ला दिसायला लागला तशी आईनं आमच्या मागं उभं राहून पदर सारखा केला. नांगराची साखळी खडखडत खाली गेली. वडिलांनी घड्याळ काढलं. अकरा वाजून एक मिनिट. "बघा!" ते म्हणाले, जसं काही बोट त्यांनीच आणली. मग खात्री म्हणून सारंगाला विचारलं, "दीडला ना सुटायचं?"

"व्हय, मास्तर. पन येळ थोडका हाय. बारा वाजाया आलं न्हाय का?"

सारंगानं बोटीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. त्यात बाराला वीस कमी होते.

वडिलांचा चेहरा मी अजून विसरले नाही. पोहोचायची वेळ त्यांनी स्वतःच्या घड्याळात दर वर्षी बघितलेली लिहिली होती, म्हणजे मुंबईची. सुटायची वेळ उतरवली होती बोटीच्या हँडबिलावरून, म्हणजे साहेबाची. गणिताच्या मास्तरानं एकाच वजाबाकीत दोन वेळा मिसळल्या होत्या. अडीच तासांतली एकोणचाळीस मिनिटं गेली. एक फेरी होईल. दोन होणार नाहीत.

ते कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अक्का, चल. तू सकाळपासून कोरडी आहेस."

"हो, वन्सं, तुम्ही जा," आई लगेच म्हणाली. इतक्या लगेच, की मला तिचा राग आला. भांडायचं तरी! पण ती खाली वाकली आणि बाळाची दुपटी घडी करायला लागली. घडी केलेलीच होती, तीच उलगडून परत केली.

आत्या उठली नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं हात पुढं केले.

"मूल इकडे दे."

"अहो, पण..."

"दे म्हणते ना!" बाळ तिनं जवळजवळ ओढूनच घेतलं. "मला तहान लागलीय, तुला शंका आलीय. तहान काय, श्रीवर्धनात भागेल. वीस वर्षांची शंका कुठं भागवशील? जा."

आई खिळल्यासारखी उभी. वडीलही. आत्याचं डोकं फिरलं.

"उभ्या काय राहिलात दोघं? बोट काय तुमच्यासाठी थांबणार आहे? आणि रिकाम्या हातानं चाललीस, पाणी काढशील कशात? हे घे." तिनं लोटी-दोरी आईच्या हातात दिली. तीच लोटी! मी डोळे फाडून बघत राहिले. किल्ला बघून नाही उघडलं तेवढं माझं तोंड तेव्हा उघडलं असेल.

मचव्यात आम्ही तिघं. शीड भरलं. भिंत जवळ येत गेली, मोठी होत गेली, आणि दरवाजा कुठं दिसेना. "आत जातात कुठून?" मी विचारलं. मचवेवाला हसला. अगदी भिंतीला लागतो की काय असं वाटलं, आणि एकदम दोन बुरुजांमधून दरवाजा उघडा! मी ओरडलेच. पायऱ्यांवर लाटा आपटत होत्या. मचवा वर आला की पाय टाकायचा, खाली गेला की थांबायचं. आईनं नऊवारीचा ओचा खोचला आणि वडिलांनी हात द्यायच्या आत उडी मारली. माझी आई! मी तिला कधी धावताना पाहिलं नव्हतं.

आत गावच होतं. घरं होती, बकऱ्या होत्या, एक म्हातारी दारात लसूण सोलत बसली होती. माणसं समुद्रात राहतात आणि लसूण सोलतात, ह्याचंच मला नवल वाटलं. तटावर केवढ्याल्या तोफा! एकीच्या तोंडात मी खांद्यापर्यंत हात घातला, आत थंडगार होतं. वडील घड्याळ हातात धरून "चला, चला" करत होते. घड्याळाचे काटे त्यांनी मचव्यातच एकोणचाळीस मिनिटं पुढं केले होते, कुणाला काही न बोलता.

मग तळं आलं. गोल, दगडात बांधलेलं, हिरवट पाणी, त्यात आभाळ. तटापलीकडे समुद्राचा आवाज चालूच होता. आई काठावर बसली. लोटी सोडली. दोरी ओढली. ओंजळीत थोडं घेतलं आणि ओठाला लावायच्या आधी थांबली, भ्यायल्यासारखी.

प्यायली.

"गोडं आहे," ती म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "अहो, गोडं आहे!" आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वडीलही प्यायले, मीही प्यायले. खरं सांगते, साधं पाणीच ते, विहिरीचं असतं तसं. पण घशाखाली उतरताना माझ्या अंगावर काटा आला. एवढा थोरला समुद्र चारही बाजूंनी रेटतोय, आणि ह्याला अजून ठाऊकच नाही! मी हात जोडले. कुणाला ते माहीत नाही.

आईनं लोटी भरून घेतली. वडील म्हणाले, "ती पिणार नाही, माहितेय ना?" आईनं दोरी गुंडाळून घेतली. येताना मचवा हेलकावत होता. ती तळहातानं लोटी झाकून बसली होती, थेंब सांडू दिला नाही.

बोटीवर आत्या तशीच बसलेली. मांडीवर बाळ झोपलेलं, लुगडं त्यानं ओलं केलेलं. ओठांना भेगा. तिनं आधी आईच्या तोंडाकडे बघितलं.

"गोडं?"

"गोडं, वन्सं."

"अगो बाई." आत्यानं डोळे मिटले. लोटीकडे तिनं पाहिलंही नाही. मचवेवाल्याला शिवून, पारोशा अंगानं आणलेलं ते पाणी. प्यायचा प्रश्नच नव्हता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. माझी आई, जी आत्यापुढं कधी अख्खं वाक्य बोलली नव्हती. ती म्हणाली, "वन्सं, हात पुढं करा. तीर्थ आणलंय. तीर्थाला विटाळ नसतो."

"कसलं गो तीर्थ? नवाबाच्या किल्ल्यातलं?"

"समुद्रानं पोटात राखलेलं."

आत्यानं आता लोटीकडे पाहिलं. मग बाळाला न हलवता तिनं उजव्या हाताची पन्हळ केली, खाली डावा हात धरला, देवळात करतात तशी. आईनं लोटी तिरकी केली. तिनं घेतलं, ओले हात डोळ्यांना लावले, आणि हात पुन्हा पुढं केला.

तीर्थ तीनदा घेतात. आत्यानं लोटी रिकामी होईपर्यंत हात मागं घेतला नाही, आणि आईनं ओतताना एकदाही तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही.