आईचं हुकलेलं जहाज

आईचा एकुलता एक भाऊ तरुणपणीच नोकरीसाठी मोंबासाला गेला आणि तिथलाच झाला. साठ सालच्या सुमारास त्याने आईला जहाजाचं तिकीट पाठवलं. बेंगळुरूबाहेर फारशी कधी न गेलेली आई आनंदाने त्याच्यासाठी मेतकूट करायला बसली.

मुंबईची गाडी पकडायच्या आदल्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, तिचा पासपोर्ट देवापुढे ठेवायला बसवनगुडीच्या देवळात घेऊन गेले. येताना बसला खूप गर्दी होती. घरी येऊन बघतात तर कापडी पिशवी तळाशी उसवलेली. आत प्रसादाचा नारळ तेवढा राहिला होता.

आम्ही बसस्टँडवर धावलो, कंडक्टरांना विचारलं, पोलिसांना कळवलं. पासपोर्ट मिळाला नाही. अण्णा घरी येऊन मान खाली घालून बसले.

आई म्हणाली, "सरी, ठीक आहे, जाऊ दे. पुढच्या जहाजाने जाईन. तुम्ही आधी दोन घास खाऊन घ्या."

मद्रासहून नवा पासपोर्ट यायला कितीतरी महिने लागले. तो हातात पडला तेव्हा मामा वारल्याची तार येऊन गेली होती.

अण्णांनी तरीही विचारलं, "जाऊन येतेस? भावजयीला भेटशील."

"तिला मी कधी पाहिलेलंही नाही," आई म्हणाली. "मला त्याला बघायचं होतं."

तिने अण्णांना कधीच बोल लावला नाही. "एकदा तरी माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं," असं अण्णा म्हातारपणी मला म्हणाले.