सीतेचं लुगडं

नव्या चादरीची घडी उलगडली, की खळीचा वास येतो आणि मला कारखान्यातली ती दुपार आठवते. उन्हाळा सरत आला होता. चादरींचे सुटलेले धागे कात्रीने कापायचं माझं काम. कुणाशी बोलायचं म्हटलं, की मी मान खाली घालून धागे कापत राहायचे. त्या दिवशी एका विणलेल्या फुलावर मातकट सुताची गाठ दिसली. मी कात्री टेकवणार, तोच ती गाठ उघडली. आतून असा निळा रंग निघाला, की माझा हात हवेतच राहिला. फुलपाखरू होतं ते. निळ्या पंखांवर डोळ्यांसारखे तांबडे ठिपके. तेवढ्यात घडी घालणाऱ्या मामांनी चादरीची टोकं उचलली. "थांबा की!" मी ओरडले. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. "आता गं! हिला बोलता येतंय व्हय?" मामा हसले, पण त्यांनी घडी घातली नाही. शेजारची तेलुगू मावशी वाकून म्हणाली, "सीताकोकचिलुका. आमच्यात फुलपाखराला असं म्हणत्यात. कोक म्हंजे लुगडं, चिलुका म्हंजे पोपट. सीतेचं लुगडं नेसलेला पोपट." जन्मभर मागावर बसलेली ती बाई पंखांचा काठ बघत राहिली. "असा निळा आमाला कुटं जमला गं," ती हळूच म्हणाली. मग मामांनी आणि मी चादर ताणून धरून दारापर्यंत नेली. उन्हात येताच ते उडालं. आजही चादरीवर सुटलेला धागा दिसला, की मी कात्री लावण्याआधी त्यावर हळूच फुंकर घालते.