माळावरच्या मावशींना काय सांगू?

मंडळी, आज लई थकलेय.

माझ्या आठ वर्षांच्या मुक्ताला मी घरीच शिकवते. आज गवतं ओळखायला दोघी वडवणीजवळच्या माळावर गेलो. शेळ्या राखणाऱ्या एका मावशींनी तिला हराळी, कुसळी दाखवली. मुक्ता हरखली.

मग मावशींनी मला विचारलं, "पोरीला शाळंत कावून घालीत न्हाईस?"

"असं फिरून जास्त शिकते, मावशी."

"माझी पोर बी असंच शिकली. समदी झाडं वळखती. पण सही म्हणलं की अंगठा पुढं करती."

सासरी, शेजारी दोन वर्षं उत्तरं देतेय. आज मात्र मुक्ताला घेऊन घरची वाट धरली. मी जे हौसेनं निवडलं, ते त्यांच्या लेकीच्या नशिबी आलं होतं.

घरी शिकवणाऱ्यांनो, तुम्ही काय बोलला असतात?