होटगीहून आलेली पिशवी

गेल्या सप्टेंबरात एका रविवारी सकाळी आमच्या गटातल्या एका सर्पमित्राला घोणस चावली. उजव्या हाताच्या तर्जनीला. घोणस कापडी पिशवीत होती, पिशवी माझ्या स्कूटरच्या डिकीत होती आणि ती तिथे मी ठेवली होती.

ज्याला चावली तो यंत्रमाग कारखान्यात जॉबर होता. माग बिघडला की दुरुस्त करायचा आणि सुटलेली तार जोडायची, हे त्याचं काम. फावल्या वेळात तो आमच्याबरोबर साप पकडायला यायचा. मी एका दैनिकात संध्याकाळच्या पाळीला बातम्या तपासतो. आमच्या गटाचे प्रमुख, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांचं बॅटरीचं दुकान आहे. रविवारी सकाळी आम्ही तिथे जमतो.

सोलापुरात सर्पमित्रांचे दोन गट आहेत. पूर्वी एकच होता. वळसंगजवळच्या एका विहिरीतून अण्णांनी आणि होटगीच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने मिळून नाग काढला. दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात फोटो आला. दोघेही दिसत होते, पण खालच्या ओळीत नाव फक्त अण्णांचं होतं. ती ओळ मी लिहिली होती. जागा कमी होती. ते रेल्वेवाले, ज्यांना आम्ही होटगीकर म्हणतो, चार माणसं घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा गट काढला. तेव्हापासून एका गटाकडे आलेला सापाचा फोन दुसऱ्याला द्यायचा नाही, असा दोन्हीकडे नियम आहे.

लोकांना नियम माहीत नसतो. आमच्या कुंभारीत साप निघाला तरी हातात होटगीचा नंबर असेल तर ते होटगीलाच फोन करतात. तिथून माणूस येईपर्यंत काठ्या बाहेर आलेल्या असतात. एकदा असाच एक साप मेल्यावर होटगीकरांनी मला फोन केला.

"पत्रकार, तुमी कुंभारीला ऱ्हाता न्हवं? हितनं तितं यायला मला वेळ लागतोय. फिरून असं झालं तर तुमीच जात जावा की. कुणाला कळतंय?"

मी हो म्हणालो. पुढे त्यांच्या भागातले आमच्याकडे आलेले फोन मी त्यांना देऊ लागलो. गटात सांगायचो की पोचलो तोवर साप निघून गेला होता.

अण्णा एकदा म्हणाले, "होटगीचे साप लई हुशार दिसतात. तू निघालास की त्यांना आधीच कळतंय."

सगळे हसले. मीही हसलो.

त्या रविवारी होटगीकरांनी रेल्वे क्वार्टरमागच्या लाकडांतून घोणस पकडली होती. त्यांना पाहुण्यांकडे जायचं होतं, म्हणून ती शहरात वनखात्याच्या माणसाकडे पोचवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या गटात विषारी साप फक्त बरणीत ठेवतात आणि पिशवीत बिनविषारी. घोणशीचे दात लांब असतात, ती कापडातूनही चावते. होटगीचे लोक सगळेच साप पिशवीत घालतात, पण ती पिशवी झाकणाच्या बादलीत ठेवतात. मला त्यांनी बादलीच दिली होती.

बादलीवर लाल रंगात त्यांच्या गटाचं नाव होतं.

वनखात्याचा माणूस उशिरा येणार होता आणि मधे अण्णांचं दुकान होतं. मी वाटेत एका झाडाखाली थांबलो, काठीने पिशवी उचलून डिकीत ठेवली आणि बादली ओळखीच्या टपरीवर ठेवायला दिली.

दुकानात बसलो असताना होटगीकरांचा फोन आला. कुणी ऐकू नये म्हणून मी रस्त्याच्या कडेला गेलो. ते विचारत होते, "पोचवली का न्हाय?" तेवढ्यात जॉबर आला आणि खुणेनेच विचारलं, टॉर्च आहे का. मी फोन कानाला तसाच ठेवून किल्ली त्याच्या हातात दिली. पिशवीचं लक्षात आलं तेव्हा तो डिकीशी पोचला होता. मी हाक मारली. त्याने वळून पाहिलं, तेव्हा पिशवी त्याच्या हातात होती.

"डिकी तापली बे," तो म्हणाला. "सावलीत ठेवतो."

मग त्याने हात झटकला.

रुग्णालयात प्रतिविष लगेच सुरू झालं. तरी संध्याकाळपर्यंत सूज कोपरापर्यंत चढली. अण्णांनी मला जिन्यात गाठलं.

"पिशवीत घोणस कुणी घातली?"

"मी. बरणी नव्हती."

"बरणी नव्हती? माझ्या दुकानात एवढ्या पडल्यात, एक न्यायला काय झालं होतं? कुठे सापडली?"

"कुंभारीत."

 त्यांनी मला गटातून काढलं नाही. रात्री कार्यालयात बातमी मीच लिहिली. सर्पमित्राला घोणस पकडताना दंश, प्रकृती स्थिर. 'पकडताना' हा शब्द खोटा होता. दुसरा कुणी ती बातमी लिहिणार असता तर त्याने दोन प्रश्न विचारले असते.

जॉबरची बायको विड्या वळते. तिसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेर तिने मला एकच विचारलं, "भाऊजी, बोट राहील ना? तार जोडायचं काम त्याच बोटाचं आहे." डॉक्टर बघत आहेत, असं मी सांगितलं. डॉक्टरांनी सकाळीच मला सांगितलं होतं की टोक काळं पडलंय.

होटगीकर भेटायला येतो म्हणाले. मी नको म्हणालो. तरी ते आले. खाली चहाच्या गाड्याजवळ त्यांनी मोसंब्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

"माझ्या नावानं दिऊ नगा. पर बादलीतनं काढायची न्हवती, पत्रकार. सांगितलं हुतं की मी."

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

तर्जनीची दोन पेरं काढावी लागली. जॉबर घरी गेल्यावर काही दिवसांनी मी त्याला भेटायला गेलो. बायको तयार विड्या कारखान्यात द्यायला गेली होती. पट्टी बांधलेला हात त्याने उशीवर ठेवला होता.

"एक विचारू का?" तो म्हणाला. "त्या पिशवीला नाडी होती. आपल्या पिशव्यांना सुतळी असते. कुणाची होती?"

मी सगळं सांगितलं. बादली, फोन, हुशार साप आणि विहिरीवरच्या फोटोची ओळही. 

"म्हणजे तू बादली लपवलीस, म्हणून."

"हो."

"अण्णाला माहीत आहे?"

"आज सांगणार आहे."

"नको सांगू." तो हाताकडे बघत म्हणाला, "तू सांगून मोकळा होशील. अण्णा होटगीच्या दारात जाऊन भांडतील. मग कुंभारीचा फोन होटगीला गेला तर तिथून कोण देणार तुला? काठ्याच पडतील की."

"तुझ्या बोटाचं काय?"

"ते सांगून परत येतंय काय बे? तू सांगायचं नाहीस, बस. आता मलाही माहीत आहे. ही गोष्ट पोटात तुला एकट्याला नाही ठेवायची."

कारखान्यात आता त्याला जॉबरचं काम देत नाहीत. टॉवेलांच्या घड्या घालायला आणि गठ्ठे बांधायला बसवलं आहे. आमच्या गटाचा फोन दिवसा त्याच्याकडे असतो. गेल्या आठवड्यात होटगीच्या रेल्वे फाटकाजवळून साप निघाल्याचा फोन आला. त्याने तो होटगीकरांना दिला आणि रविवारी अण्णांना सांगितलं की आम्ही पोचेपर्यंत साप निघून गेला होता.